‘हप्ता भरला’ला इंग्रजीत काय म्हणाल? पैशांच्या व्हिडिओंतून शब्द शिकताना

सुरुवात कांद्यापासून करा. यूट्यूबवर ‘लासलगाव अनियन प्राइसेस’ असं रोमन लिपीत शोधलं की इंग्रजी बातम्यांचे दोन-चार मिनिटांचे व्हिडिओ सापडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. त्या दिवसांतल्या बातम्या तर फारच कामाच्या. काय घडलं हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे कान फक्त शब्दांकडे देता येतो. ‘इम्पोज अ ड्यूटी’ म्हणजे शुल्क लावणं, ‘ग्लट’ म्हणजे मागणीपेक्षा आवक जास्त होणं, ‘फेच’ म्हणजे मालाला अमुक भाव मिळणं. अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या सवयी सांगणारे वीस-वीस मिनिटांचे व्हिडिओ नंतर बघा.

एका बैठकीला चार-पाच मिनिटांचाच तुकडा घ्या. पहिल्यांदा कॅप्शनशिवाय, न थांबता ऐका आणि विषय काय होता ते मराठीत एका वाक्यात सांगा. तेही जमलं नाही तर व्हिडिओ बदला, हट्ट नको. दुसऱ्यांदा इंग्रजी कॅप्शन लावून ऐका. हिंदी किंवा मराठी भाषांतर लावू नका, कारण डोळे ते वाचत बसतात आणि कान सुट्टी घेतात. तिसऱ्यांदा थांबत थांबत ऐका. सेटिंगमध्ये वेग ०.७५ करा, आणि मोबाइलच्या पडद्यावर डाव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की व्हिडिओ दहा सेकंद मागे जातो. या फेरीत फार तर आठ शब्द उतरवा. चौथ्यांदा वेग पूर्ववत करून बोलणाऱ्याच्या मागोमाग मोठ्याने बोला. घरच्यांना थोडं विचित्र वाटेल, पण ही फेरी गाळली तर शब्द ओळखता येतात, बोलताना मात्र तोंडावर येत नाहीत.

वहीत ‘लोन म्हणजे कर्ज’ एवढंच लिहिणं हा जवळजवळ प्रत्येकाचा घोटाळा. नाम आपल्याला येतच असतं, अडतं ते क्रियापदाशी. मराठीत आपण फॉर्मही भरतो आणि हप्ताही भरतो. इंग्रजीत फॉर्म ‘फिल’ होतो, हप्ता मात्र ‘पे’ होतो, म्हणून ‘आय फिल्ड माय ईएमआय’ ऐकणाऱ्याला कळत नाही. आपण कर्ज काढतो, पण ‘रिमूव्ह्ड अ लोन’ नव्हे, ‘टुक आउट अ लोन’. ते फेडून मोकळे झालो की ‘पेड ऑफ’. एफडी ‘केली’ नाही, ‘ओपन’ केली. गंमत म्हणजे एफडी मोडण्याला भारतीय इंग्रजीत ‘ब्रेक’च म्हणतात, तिथे मराठी चालून जाते. ‘पैसे खर्च झाले’ म्हणताना आपण स्वतःला अलगद बाजूला काढतो. इंग्रजीत ‘आय स्पेंट’ म्हणून कबुली द्यावी लागते.

म्हणून प्रत्येक शब्दापुढे त्याचं क्रियापद आणि शेपटीचा शब्द लिहा: ‘इन्व्हेस्ट इन’, ‘स्पेंड ऑन’, ‘सेव्ह फॉर’, ‘बॉरो फ्रॉम’, ‘लेंड टू’. तिसऱ्या रकान्यात स्वतःच्या घरातल्या पैशाचं एक वाक्य हवं, आणि रक्कम खरी हवी. ‘ओ’ म्हणजे देणं लागणं आणि ‘ओन’ म्हणजे मालकी असणं. एका अक्षराने कर्जदाराचा धनी होतो, तेव्हा ही जोडी शेजारी शेजारी लिहा.

शब्द रोमन लिपीतच लिहा. देवनागरीत कर्जाचा ‘डेट’ आणि तारखेचा ‘डेट’ सारखाच दिसतो, उच्चारात मात्र पहिला आखूड आणि दुसरा लांब आहे. कर्जाच्या ‘डेट’मधला बी, ‘रिसीट’मधला पी आणि ‘मॉर्गेज’मधला टी उच्चारत नाहीत. स्पेलिंग पाहून वाचणाऱ्यांची जीभ इथे हमखास अडखळते.

द्राक्षबागायतदारांच्या घरात मात्र अर्धं काम आधीच झालेलं असतं. इंग्रजीतले पैशाचे कितीतरी शब्द शेतातूनच बाजारात आले. एकरी उतारा म्हणजे ‘यील्ड’, आणि रोख्यावर मिळणारा परतावाही ‘यील्ड’च. ‘हेज’ म्हणजे झुडपांचं कुंपण, बाजारात तोच शब्द नुकसानीपासून आडोसा करण्यासाठी वापरतात. धंद्याच्या सुरुवातीची रक्कम ‘सीड कॅपिटल’, म्हणजे बियाणंच. निफाड-दिंडोरीकडे ज्या रूटस्टॉकवर कलम बांधतात, त्यातला ‘स्टॉक’ म्हणजे मुळात झाडाचं खोड. असा शब्द आला की आधी त्याचा शेतातला अर्थ आठवा, मग बाजारातला. पाठ करावा लागत नाही.

आकड्यांसाठी वहीचं वेगळं पान ठेवा. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. ‘फिफ्टी मिलियन’ ऐकल्याबरोबर ‘पाच कोटी’ तोंडातून यायला हवं. मनात भागाकार करत बसलात की पुढची दोन वाक्यं निसटतात. अमेरिकी व्हिडिओत ‘ग्रँड’ म्हणजे हजार, ‘बक’ म्हणजे डॉलर आणि ‘ब्रोक’ म्हणजे खिसा रिकामा.

कॅप्शन आपोआप बनवलेली असतील तर त्यांच्यावर स्पेलिंगसाठी विसंबू नका, भारतीय नावं आणि उच्चार आले की ती चुकतात. त्यापेक्षा रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं पतधोरणाचं भाषण घ्या. ते साधारण दर दोन महिन्यांनी होतं, बँकेच्या यूट्यूब वाहिनीवर दिसतं आणि मजकूर संकेतस्थळावर मिळतो. बोलणं संथ, मजकूर शब्दशः समोर. ‘ट्वेंटी फाइव्ह बेसिस पॉइंट्स’ म्हणजे पाव टक्का एवढं माहीत असलं की पहिली पाच मिनिटं झेपतात.

हिंदी-इंग्रजी खिचडीचे व्हिडिओ या कामाला निरुपयोगी. ‘एसआयपी स्टार्ट करो’मध्ये इंग्रजी नाम मिळतं, वाक्य मिळत नाही. आणि ‘हा शेअर घ्याच’ म्हणणाऱ्यांकडून शब्द घ्या, सल्ला नको. ‘गॅरंटीड रिटर्न्स’ हे दोन शब्द शेअरच्या संदर्भात जोडीने आले की व्हिडिओ बंद केलेला बरा.

उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी करा, एका वेळी दहा मिनिटं पुरतात. नाशिकरोड ते पंचवटी सिटीलिंक बसने जाणाऱ्याला तेवढा वेळ सहज मिळतो. रविवारी संध्याकाळी यूपीआयचा आठवड्याचा हिशेब उघडा आणि एकेक व्यवहार इंग्रजीत मोठ्याने सांगा: किराण्यावर किती ‘स्पेंट’, मित्राला किती ‘लेंट’, कोणाचे अजून ‘ओ’ करताय. जिथे अडाल, तो शब्द पुढच्या आठवड्याच्या आठांत पहिला.