घरी चीज फॉन्ड्यू करायचंय? मग आधी आच बारीक करा

स्वित्झर्लंडमधे बर्नला राहायला येऊन आम्हाला आता बरीच वर्षं झाली, आणि थंडी पडली की महिन्यातून एकदा तरी मित्रमंडळी आमच्याकडे फॉन्ड्यूला (वाईनमधे वितळवलेलं चीज, त्यात ब्रेडचे तुकडे काट्याने बुडवून खायचे) येतात, भारतातून आलेले पाहुणे तर हमखास मागतात, आणि जेवणं झाली की कोणीतरी विचारतंच की हे घरी कसं करायचं, आम्ही केलं तर फाटलं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय.

माझं पहिलं फॉन्ड्यू पण फाटलं होतं. वाईन खळखळून उकळली, त्यात सगळं चीज एकदम टाकलं, आणि दोन मिनिटांत भांड्याच्या मधोमध रबरासारखा एक गोळा आणि भोवती पिवळं तेलकट पाणी. बाहेर सहा जण काटे घेऊन बसलेले. खूप वाईट वाटलं होतं. नंतर खालच्या मजल्यावरच्या आजींना सांगितलं, त्या मूळच्या फ्रिबुर्गच्या, तर त्या दुसऱ्या दिवशी स्वतःचं भांडं घेऊन वर आल्या. माझ्या स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी काय केलं तर आच निम्म्यावर आणली. चीज शिजवायचं नसतं, नुसतं वितळवायचं असतं. नावातच आहे ते, फ्रेंचमधे फाँद्र म्हणजे वितळणं. खाली जे काही लिहिलंय ते शेवटी याच एका गोष्टीवर येतं.

चार जणांना लागणारं सामान: 400 ग्रॅम ग्रुयेर, 400 ग्रॅम वाशराँ फ्रिबुर्जुआ (ही दोन्ही इथली चीज), साडेतीनशे मिली ड्राय व्हाइट वाईन, तीन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर, लसणाची एक मोठी पाकळी, एक मोठा चमचा लिंबाचा रस, छोटा ग्लासभर किर्श (ही चेरीची कडक दारू, नसली तरी अडत नाही), मिरी आणि जायफळ. मीठ नाही, चीजमधे भरपूर असतं. माणशी 200 ग्रॅम चीज हा इथला हिशोब, आणि ब्रेड पण माणशी तेवढाच किंवा थोडा जास्त धरा.

या निम्म्या-निम्म्या चीजला इथे म्वातिए-म्वातिए म्हणतात, ही फ्रिबुर्गची पद्धत. न्यूशातेलला ग्रुयेर आणि एमेंटाल घालतात, ते जास्त तार धरतं. मला स्वतःला म्वातिए-म्वातिएच आवडतं कारण ग्रुयेरला चव असते आणि वाशराँला मऊपणा, दोघं मिळून ते साईसारखं होतं. ग्रुयेर घेताना जमलं तर निम्मं कोवळं आणि निम्मं वर्षभर मुरलेलं घ्या, नुसतं जुनं घेतलं तर चव उत्तम येते पण वितळायला हट्टी असतं. वाशराँ इतकं मऊ असतं की किसणीला चिकटून बसतं, त्याचे सुरीने बारीक तुकडे करा नाहीतर पंधरा मिनिटं फ्रीझरमधे ठेवून मग किसा.

आता कृती. इथल्या भांड्याला काकलों म्हणतात, मातीचं किंवा इनॅमल केलेल्या बिडाचं, जाड बुडाचं. लसणाची पाकळी अर्धी कापून भांड्याला आतून सगळीकडे चोळा, उरलेली ठेचून भांड्यातच टाका. किसलेल्या ग्रुयेरवर कॉर्नफ्लोअर भुरभुरून हाताने नीट चोळून घ्या, प्रत्येक किसाला लागलं पाहिजे, हे काम घाईत करू नका कारण कॉर्नफ्लोअर चीजच्या कणांना एकमेकांत गुंतून गोळा व्हायला देत नाही. वाईन आणि लिंबाचा रस भांड्यात घालून मध्यम आचेवर ठेवा, वाफा यायला लागल्या आणि कडेला बारीक बुडबुडे दिसले की आच बारीक करा आणि ग्रुयेर मूठ मूठ घालायला लागा. एक मूठ विरघळली की दुसरी. लाकडी चमच्याने इंग्रजी आठचा आकडा काढत ढवळत राहायचं, गोल गोल फिरवलं तर सगळं चीज मधे गोळा होतं, आठ काढला की बुडाचा प्रत्येक कोपरा खरवडला जातो.

आणि इथेच लोक घाबरतात. पाचव्या-सहाव्या मिनिटाला भांड्यात जे दिसतं ते भयंकर असतं, वर पाण्यासारखी वाईन आणि खाली चीजच्या गुठळ्या, पिठलं बिघडल्यावर दिसतं ना तसं. अशा वेळी हात आच वाढवायला जातो, तो जाऊ देऊ नका. आजी शेजारी उभ्या राहून फक्त "ढवळ, ढवळ" म्हणत होत्या. अजून दोन-तीन मिनिटं ढवळलं की एका क्षणी ते बदलतं, चमचा उचलला तर आधी ते ढेकळांसारखं पडत असतं, मग जाड धारेने पडायला लागतं, आणि मग ती धार सलग, चकचकीत, रिबिनीसारखी होते आणि चमच्याची मागची बाजू गुळगुळीत माखून निघते. हे दिसलं की वाशराँ घाला. वाशराँ खूप कमी आचेवर वितळतं म्हणून ते शेवटी, आणि ते घातल्यावर मिश्रण उकळू द्यायचंच नाही, एखाददुसरा सावकाश बुडबुडा आला तर चालेल. मग किर्श, भरपूर ताजी मिरी, जायफळ किसून. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे.

भारतातल्या मैत्रिणींचा एक प्रश्न हमखास असतो: लिंबू घातलं की दूध फाटतं, मग यात लिंबू घातल्यावर चीज फाटायचं कसं थांबतं? प्रश्न अगदी बरोबर आहे. दूध फाडूनच तर चीज झालेलं असतं, ते काम आधीच उरकलंय. चीजमधली प्रथिनं कॅल्शियमने एकमेकांना घट्ट धरून असतात, आणि लिंबातलं आणि वाईनमधलं आम्ल ते कॅल्शियम ओढून घेतं, पकड सैल होते आणि प्रथिनं पाणी आणि चरबी दोघांनाही सांभाळून घेतात. म्हणून वाईन आंबटसर, ड्रायच पाहिजे. इथे वाले भागातली फाँदाँ वापरतात, ती शास्ला नावाच्या द्राक्षाची. याच तत्त्वावर आमच्या जवळच्या थुन गावात 1911 मधे प्रोसेस्ड चीजचा शोध लागला, त्यात सायट्रेट मीठ घातलं होतं. म्हणजे आपण भारतात लहानपणापासून खात आलो त्या चीज क्यूबचं मूळ इथून तासाभराच्या आत आहे, मला हे कळलं तेव्हा खूपच भारी वाटलं होतं.

फाटलंच तर टाकून देऊ नका, वाचतं. एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे वाईन किंवा लिंबाच्या रसात कालवा, भांडं परत शेगडीवर ठेवा, हळूहळू गरम करत ते मिश्रण घाला आणि चमचा सोडून व्हिस्क घेऊन जोरात फेटा. फार घट्ट झालं तर कोमट वाईन चमचा चमचा, गार नाही. पातळ झालं तर आणखी थोडं चीज.

दारू न घेणारे पाहुणे असतील तर त्यांना आधी सांगा, कारण एवढ्याशा गरम करण्याने वाईनमधलं सगळं अल्कोहोल उडून जात नाही आणि किर्श तर शेवटीच पडते. त्यांच्यासाठी वाईनच्या जागी बिनसाखरेचा सफरचंदाचा ज्यूस आणि लिंबाचा रस दुप्पट, छान होतं. आणि शाकाहारी मंडळींसाठी दुसरी एक गोष्ट, जी मला इथे येऊन दोन वर्षांनी कळली आणि आधी कळायला हवी होती असं मनापासून वाटलं: अस्सल ग्रुयेर वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. आमच्याकडे आलेल्या एका काकूंनी आवडीने खाल्लं होतं आणि नंतर त्यांना कळल्यावर त्या किती अस्वस्थ झाल्या ते मी पाहिलंय. तेव्हापासून मी बोलावतानाच विचारते, आणि शाकाहारी कोणी असेल तर मायक्रोबियल रेनेटचं चीज आणते.

पुण्या-मुंबईत करणार असाल तर हिरव्या ठिपक्याचं गौडा आणि चेडार निम्मं-निम्मं घ्या आणि त्यात प्रोसेस्ड चीजचे तीन-चार क्यूब किसून घाला, त्या क्यूबमधल्या मिठांमुळे मिश्रण फाटायची भीती बरीच कमी होते. मोझरेला नको, नुसती तार येते, चव येत नाही. वाईन नाशिकची ड्राय व्हाइट घ्या, सोविन्यों ब्लाँ मस्त चालते. हे स्विस फॉन्ड्यू नाही होणार पण चांगलं फॉन्ड्यू नक्की होतं.

ब्रेडबद्दल माझं मत ठाम आहे: कालचा पाहिजे आणि कडक सालीचा पाहिजे. एका घासाएवढे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला थोडी साल राहील असे, आणि काटा मऊ बाजूने खुपसून सालीत रुतवा, म्हणजे तो भांड्यात सुटत नाही. लादीपाव चालणार नाही, चीजमधे बुडवला की विरघळतो. इराणी बेकरीतला ब्रून पाव चालतो, गोव्याकडे असाल तर पोदेराचा उंडो तर फारच छान. सोबत उकडलेले छोटे बटाटे, व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या आणि कांदे. बाकी पसारा मांडू नका, पोट यानेच भरतं.

भांडं टेबलावर रेशोवर ठेवायचं, म्हणजे खाली छोटा बर्नर असलेला स्टँड. यात एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा: पेटलेल्या किंवा नुकत्याच विझलेल्या गरम बर्नरमधे बाटलीने स्पिरिट ओतायचं नाही, अजिबात नाही, ज्योत दिवसाउजेडी दिसत पण नाही आणि बाटलीपर्यंत भडका येतो. पेस्टचे तयार डबे मिळतात ते वापरा. रेशो नसेल तर टेबलावर इंडक्शन सगळ्यात कमी सेटिंगवर ठेवा आणि जाड बुडाचं पातेलं घ्या.

खाताना प्रत्येकाने काटा बुडापर्यंत नेऊन आठचा आकडा काढायचा, नुसता वरवर बुडवायचा नाही. याला दोन कारणं आहेत, एक म्हणजे चीज खाली लागत नाही आणि दुसरं म्हणजे करणारीला ढवळत बसावं लागत नाही, सगळं टेबल मिळून ते भांडं सांभाळतं, आणि मला फॉन्ड्यूत सगळ्यात जास्त हेच आवडतं. आपल्याकडच्या लोकांना उष्ट्याचा प्रश्न पडतो, तो रास्त आहे. मी प्रत्येकाला दोन काटे देते, लांब काट्याने बुडवायचं, तुकडा ताटलीत काढायचा आणि आपल्या साध्या काट्याने खायचा. लांब काट्यांच्या टोकाला वेगवेगळे रंग असतात, कोणाचा कुठला ते लक्षात राहतं. तुकडा भांड्यात पडला तर इथे शिक्षा असते, कोणी गाणं म्हणतं, कोणी पुढची वाईन आणतं.

प्यायला व्हाइट वाईन नाहीतर गरम कोरा चहा. गार पाणी प्यायलं की पोटात चीजचा गोळा होतो असं इथल्या प्रत्येक घरात सांगतात. झुरिकच्या डॉक्टरांनी 20 जणांना फॉन्ड्यूसोबत वाईन किंवा चहा देऊन याचा खरंच अभ्यास केला, 2010 मधे तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे आला होता, वाईनने पोट सावकाश रिकामं होतं पण त्रास कोणाला जास्त झाला नाही. मी चहाच घेते, थंडीत बरा वाटतो.

हा प्रकार खूप जुना आहे, 1699 च्या झुरिकच्या एका पाककृतींच्या पुस्तकात वाईनमधे चीज शिजवायची कृती आहे, पण घरोघरी पोचला तो 1930 नंतर, स्विस चीज युनियनने राष्ट्रीय पदार्थ म्हणून जोरात प्रचार केला तेव्हा.

भांड्यात शेवटचं बोटभर चीज राहिलं की ज्योत अगदी बारीक करा आणि पाच मिनिटं हात लावू नका. तळाला सोनेरी खरवड धरते, दुधाच्या पातेल्याला धरते ना तशीच, पण कुरकुरीत. तिला रलिज्यूझ म्हणतात, म्हणजे जोगीण. बर्नर बंद करून पातळ उलथन्याने कडेपासून सोडवत आणायची, जमलं तर अख्खी चकती निघते. आजी ती ताटलीत उपडी करून तिचे सारखे तुकडे करायच्या आणि सगळ्यात मोठा तुकडा ज्याने त्या दिवशी सगळ्यात जास्त ढवळलं त्याला द्यायच्या. आमच्याकडे पण तसंच. मग भांड्यात गार पाणी घालून रात्रभर ठेवा, गरम पाण्याने चीज आणखी चिकटतं, सकाळी एका हाताने निघतं.