नव्या स्पिटफायरची पारख: पहिल्या उड्डाणाआधीची तयारी

फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या ‘सिम’साठी, जुन्या लढाऊ विमानाचं नवं ऍड-ऑन (वेगळं विकत घ्यायचं विमान) आलं की पहिले काही दिवस नुसते त्याचे फोटो फिरतात. मावळतीचा प्रकाश, पंखावरच्या रिव्हेटांच्या रांगा, धुरानं काळवंडलेला एक्झॉस्ट. हल्ली दिसायला सगळीच विमानं देखणी असतात, त्यामुळे फोटोंवरून काही ठरत नाही. ठरतं ते आकड्यांवरून आणि वागण्यावरून, आणि ते आकडे उड्डाणाआधी आपल्या वहीत असावे लागतात. तासभर उडवल्यावर हात त्या विमानाला सरावतो. मग डावीकडे ओढ खाणं हा विमानाचा स्वभाव आहे, ऍड-ऑनची चूक आहे की आपल्या जॉयस्टिकचा दोष, हे सांगता येत नाही. म्हणून ही यादी. मी ती दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायरची नववी आवृत्ती, म्हणजे मार्क ९, धरून लिहितोय, कारण या विमानाची माहिती मुबलक आहे: युद्धकाळातल्या पायलट्स नोट्स (वैमानिकांसाठीची पुस्तिका) छापील आहेत, चाचण्यांचे अहवाल आहेत, आणि इंग्लंडमधल्या डक्सफर्डचं एमएच४३४ सारखं १९४३ साली बांधलेलं विमान आजही उडतं. तुमचं विमान दुसरं असेल तर आकडे बदला, क्रम हाच ठेवा.

आधी नेमका कोणता मार्क, हे विक्रेत्याच्या वर्णनात शोधा. नुसतं ‘स्पिटफायर मार्क ९’ एवढं पुरत नाही. १९४१ मध्ये जर्मनांचं फॉकेवुल्फ १९० समोर आलं आणि मार्क ५ कमी पडू लागलं, तेव्हा मार्क ५ च्याच सांगाड्यात मर्लिन ६१ इंजिन बसवून घाईघाईनं मार्क ९ उभं केलं गेलं. जुलै १९४२ मध्ये ते हॉर्नचर्चच्या ६४ स्क्वॉड्रनमध्ये दाखल झालं. पुढे खालच्या उंचीसाठी मर्लिन ६६ बसवलेलं एलएफ आलं. दोघांचा दोन टप्प्यांचा, दोन वेगांचा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) वेगवेगळ्या उंचीवर गिअर बदलतो: ६१ चा साधारण वीस हजार फुटांच्या आसपास, ६६ चा त्यापेक्षा बराच खाली. वर्णनात एलएफ लिहिलंय आणि विमान ६१ सारखं वागतंय, असं निघालं तर बनवणाऱ्यांनी अभ्यास कुठे थांबवला ते तिथेच कळतं.

आता वही. मर्लिन ६६ साठी एवढं लिहून ठेवा: लढाईची कमाल ३००० आरपीएम आणि +१८ बूस्ट (इंजिनात भरलेल्या हवेचा जादा दाब, पौंडांत), पाच मिनिटं, चढताना २८५० आणि +१२, एक तास, सलग उड्डाणासाठी २६५० आणि +७. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) लढाईत १३५ अंशांपर्यंत, चढताना १२५. चाकं आणि फ्लॅप (पंखामागून खाली उतरणाऱ्या झडपा) ताशी १६० मैलांच्या वर काढायचे नाहीत. सूर मारताना मर्यादा ४५० मैल. मुख्य टाक्यांत इंधन ८५ इंपीरियल गॅलन: वरच्या टाकीत ४८, खालच्यात ३७. हे सगळं मैलांत, पौंडांत आणि इंपीरियल गॅलनांत आहे, आणि कॉकपिटमधली घड्याळंही तशीच हवीत. बरेच सिम आतून पाऱ्याच्या इंचांत हिशेब करतात. +१८ म्हणजे साधारण ६७ इंच, +१२ म्हणजे ५४ आणि +७ म्हणजे ४४. सिमची तपासणीची खिडकी उघडून बूस्टच्या काट्याशी हा मेळ एकदा बसवून पाहा. काटा बरोबर दाखवतोय पण आतला आकडा वेगळाच आहे, असंही होऊ शकतं.

संगणकाचं फार लांबवत नाही. बाकीचे मॉड काढून कम्युनिटी फोल्डर रिकामं करा, नवं विमान एकटंच ठेवा, सिम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. पहिल्या उड्डाणात फ्रेम अडखळल्या तर ते मनावर घेऊ नका, नवे शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात. तुलनेसाठी सिमसोबत आलेलं एखादं साधं विमान त्याच जागी, त्याच हवामानात आधी उडवून फ्रेम रेट टिपून ठेवा. लाइव्ह हवामान बंद, वारा शून्य, १५ अंश, १०१३ मिलिबार. मदतीचे सगळे पर्याय बंद करा, विशेषतः आपोआप रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची फळी) देणारा. तो चालू असेल तर स्पिटफायर कितीही चुकीचं बनवलेलं असलं तरी गुणी वाटतं.

जॉयस्टिकवर मात्र वेळ घालवा. स्पिटफायरचं एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं) फार हलकं आणि एलरॉन (विमान कलवणारं) वेग वाढला की जड. तुमच्या जॉयस्टिकला हे वजन ठाऊक नाही, त्यामुळे त्यातला किती भाग ऍड-ऑननं करायचा आणि किती तुमच्या कर्व्हनं (जॉयस्टिक किती हलली की विमानानं किती हलायचं ती सेटिंग), हे आधी ठरवा. माझं मत: पहिली सगळी चाचणी सरळ रेषेच्या कर्व्हवर करावी, मग हवं ते बदलावं. महागडे पेडल नसले तरी चालेल, पण पिळता येणारी जॉयस्टिक तरी हवी. कीबोर्डच्या रडरवर हे विमान तपासूच नका.

ब्रेक कुठे जोडायचे ते ऍड-ऑनच्या पुस्तिकेत आधीच बघा, कारण खऱ्या विमानात पायाच्या टोकाला ब्रेक नसतात. स्टिकच्या गोल मुठीवर एक लिव्हर असतो, तो दाबला की दाबलेली हवा ब्रेकपर्यंत जाते, आणि ती डावीकडे किती नि उजवीकडे किती हे रडरची पेडल ठरवतात. चांगल्या ऍड-ऑनमध्ये हा एक अक्ष किंवा एक बटण असतं. टो-ब्रेकवाल्यांसाठी वेगळी सोय दिली असेल तर उत्तमच, पण फक्त तीच दिली असेल तर तिथे एक खूण करा.

इंजिन थंड असताना कॉकपिटमध्ये निवांत बसा. इंधन-हवेच्या मिश्रणाचा लिव्हर शोधा. मार्क ९ मध्ये ते काम आपोआप होतं, वैमानिकाच्या हातात तो नसतो. फ्लॅपचा लिव्हर हलवून पाहा. त्याच्या दोनच स्थिती हव्यात, वर आणि पूर्ण खाली. १९४२ मध्ये माल्टासाठी विमानवाहू जहाजांवरून स्पिटफायर उडवली तेव्हा फ्लॅप अर्धवट ठेवायला लाकडी पाचरी बसवाव्या लागल्या होत्या. त्यामुळे तुमच्या ऍड-ऑनमध्ये फ्लॅप दहा-दहा अंशांनी उतरत असतील तर ते सेसनाच्या साच्यातून निघालंय असं समजा. प्राइमर (थंड इंजिनात आधी इंधन सोडणारा हातपंप), इंधनाचा कॉक, मॅग्नेटो, बूस्टर कॉइल, स्टार्टर यांतलं प्रत्येक एकेकदा मुद्दाम विसरून इंजिन सुरू होतं का ते बघा. प्राइमर न मारताही थंड मर्लिन पहिल्या फटक्यात पेटलं, तर बाकीची बटणं शोभेची असण्याची शक्यता मोठी.

इंजिन चालू झालं की घड्याळ लावा. तेल १५ आणि कूलंट ४० अंशांवर येईपर्यंत थांबायचं, आणि मग थांबायला वेळ नसतो. पंखाखालच्या रेडिएटरला जमिनीवर पुरेशी हवा मिळत नाही, कूलंटचा काटा चढतच राहतो. टॅक्सी करताना पुढचं लांब नाक समोरचं सगळं झाकतं, म्हणून नागमोडी जावं लागतं, आणि नागमोडी म्हणजे आणखी वेळ. या घाईत स्पिटफायरचा अर्धा स्वभाव आहे, तेव्हा इथे कंजुषी करू नका. १५ अंशांवर एकदा करून झालं की तेच नागपूरला मे महिन्यातलं ४४ अंश तापमान लावून करा. काटा दोन्ही ठिकाणी त्याच वेगानं चढला तर बाहेरच्या हवेचा हिशेब आत पोचलेला नाही. जोरात ब्रेक लावूनही पाहा. नाक खाली जाऊन पुढचा पंखा (प्रोपेलर) जमिनीला लागायला हवा.

टेक-ऑफसाठी इंग्लंडमधल्या गुडवूडचं गवताचं मैदान निवडा. युद्धात ते वेस्टहॅम्पनेट होतं, आणि ९ ऑगस्ट १९४१ रोजी प्रसिद्ध ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर आपल्या शेवटच्या लढाऊ उड्डाणावर तिथूनच निघाला. रडर ट्रिम (रडर एका बाजूला धरून ठेवणारं चाक) पूर्ण उजवीकडे, फ्लॅप वर, थ्रॉटल हळूहळू. मर्लिनचा पंखा वैमानिकाच्या बाजूनं पाहता घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, म्हणून विमान डावीकडे ओढलं पाहिजे. ग्रिफन इंजिनच्या मार्क १४ मध्ये ते उलट, उजवीकडे. ट्रिम मधोमध ठेवून एकदा मुद्दाम उडवा. ओढ जाणवली नाही तर बाकी चाचणी करायची की पैसे परत मागायचे, याचा विचार सुरू करायला हरकत नाही. जमीन सुटल्यावर चाकांचा लिव्हर उजव्या हाताला आहे आणि थ्रॉटल डाव्या, म्हणजे स्टिक डाव्या हातात घ्यावी लागते. सिममध्ये हा हातबदल होत नाही, पण लिव्हर कुठल्या बाजूला आहे ते तरी पाहून घ्या.

वर गेल्यावर इंजिनाला त्रास द्या. ३००० आणि +१८ वर पाच मिनिटं झाली, आता सहाव्या मिनिटाला काय होतं? इथे दोन्ही टोकं चूक. ठरल्या क्षणाला इंजिन फुटलं तर ते इंजिन नव्हे, गजर आहे. पाच मिनिटांची मर्यादा इंजिन टिकावं म्हणून घातलेली होती, त्यापुढे स्फोट ठरलेला नव्हता. आणि अर्धा तास काहीच झालं नाही तर तापमान, तेल, झीज यांचा हिशेबच नाही. मला जे पटतं ते असं: काटे हळूहळू मर्यादेकडे सरकावेत, तेलाचा दाब घसरावा, आवाज बदलावा, आणि नुकसान पुढच्या उड्डाणात तुमच्यासोबत यावं.

मग स्टिक क्षणभर पुढे ढकला. १९४० च्या मार्क १ चं इंजिन असं केल्यावर गुदमरायचं, आणि फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रातल्या अभियंता बिअट्रिस शिलिंग यांनी १९४१ मध्ये त्यावर उपाय म्हणून एक छोटी चकती शोधून काढली, ही गोष्ट इतकी लोकप्रिय आहे की काही जण ती प्रत्येक स्पिटफायरला लावतात. मर्लिन ६६ ला बेंडिक्स-स्ट्रॉमबर्गचा कार्ब्युरेटर होता. क्षणभराच्या उणे जी नं (स्टिक पुढे ढकलल्यावर अंग आसनातून वर उचललं जातं त्या बलानं) तो खोकला तर ऐकीव गोष्टीवरून काम झालंय.

वेगाची चाचणी करताना गोंधळू नका. एलएफ मार्क ९ चा कमाल वेग साधारण २१ हजार फुटांवर ताशी ४०० मैलांच्या किंचित वर होता, पण तो खरा वेग. त्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे कॉकपिटमधल्या वेगाच्या घड्याळात साधारण २९० ते ३०० दिसायला हवेत. घड्याळातच ४०० दिसले म्हणून आनंदानं पाच तारे देणारे कमी नाहीत. चढताना सुपरचार्जरकडे लक्ष ठेवा: बूस्ट उतरत येतो आणि गिअर बदलला की पुन्हा उसळतो. ती उसळी कोणत्या उंचीला आली ते टिपा.

स्टॉलसाठी (वेग घटून पंखांची उचल तुटते ती अवस्था) किमान आठ हजार फूट उंची ठेवा. पंखाचं टोक मुळापेक्षा कमी कोनात पिळलेलं असल्यामुळे आधी मुळाशी हवा सुटते, विमान थरथरतं, मग एक पंख खाली जातो. चाकं-फ्लॅप वर असताना हे ताशी ९० मैलांच्या आसपास. थरथर न देता थेट पंख टाकला, किंवा थरथरत सरळ बसकण मारली, दोन्ही लिहून ठेवा. रोल २०० ला आणि ४०० ला करून पाहा. ४०० ला तो मंदावायलाच हवा.

उतरताना वळत या, सरळ याल तर नाकापलीकडची धावपट्टी दिसणार नाही. शेवटी ताशी ९५ मैल, तिन्ही चाकं एकदम. उड्या किती आल्या यापेक्षा, जमिनीवर वेग कमी होताना विमान गर्रकन फिरू पाहतं का ते महत्त्वाचं.

आता रंग. जून १९४४ च्या आधीच्या विमानावर नॉर्मंडीच्या चढाईसाठी रंगवलेले काळे-पांढरे पट्टे दिसले तर हसून सोडून द्या. भारतीय रंगसंगती मात्र नीट बघा, त्या हौसेनं घातलेल्या असतात. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या ८ स्क्वॉड्रनकडे मार्क ८ होतं. त्याचं मागचं चाक आत जातं, मार्क ९ चं बाहेरच राहतं, आणि तिथल्या विमानांवरच्या ओळखीच्या वर्तुळांत लाल रंग नव्हता, कारण तो जपानी खुणेशी गल्लत करायचा. स्वतंत्र भारतानं मार्क ९ घेतलं ते दोन आसनी प्रशिक्षण विमानाच्या रूपात, १० विमानं. एक आसनी मार्क ९ वर यांतलं काही रंगवलेलं असेल तर ते काल्पनिक आहे. आवडलं तर उडवा, फक्त गुण देऊ नका. आवाज हेडफोन लावून, कॉकपिटमधून आणि बाहेरून, एमएच४३४ च्या ध्वनिमुद्रणाशी ताडून ऐका.

परताव्याची मुदत पैसे भरण्याआधी वाचा आणि वरच्या चाचण्या त्या मुदतीत बसवा. पगारातून काही हजार रुपये जाणार असतील तर हे आधी, पेंटजॉब नंतर. वहीत प्रत्येक निरीक्षणापुढे ऍड-ऑनचा आणि सिमचा आवृत्ती क्रमांक लिहा. पहिला अपडेट आला की फक्त खूण केलेल्या चाचण्या पुन्हा करा, आणि त्यात गरम जमिनीवरची टॅक्सी नक्की घ्या.