नाशिकमधून औषधसंशोधनात : औषधी रसायनशास्त्रज्ञ होण्याची तयारी

नाशिकमध्ये सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्यांना सातपूर आणि अंबड येथील औषध कारखान्यांतली नोकरी जवळची वाटते. परंतु तेथील काम मुख्यतः ठरलेले औषध ठरलेल्या दर्जाने बनवण्याचे व तपासण्याचे असते. औषधी रसायनशास्त्रज्ञ त्याच्या कितीतरी आधी कामाला लागतो : अद्याप अस्तित्वात नसलेला रेणू तो आखतो, बनवतो, चाचणीसाठी जीवशास्त्रज्ञांकडे देतो आणि हाती आलेल्या आकड्यांवरून पुढचा रेणू ठरवतो. बहुतेक रेणू वाटेतच गळतात, हे मनाशी धरूनच या क्षेत्रात यावे.

आधी हात तयार करावा. अमाइड कपलिंग आणि सुझुकी कपलिंग या रेणूचे दोन तुकडे जोडणाऱ्या रोजच्या अभिक्रिया, त्या टप्प्याटप्प्याने कशा घडतात यासह, पक्क्या कराव्यात. टीएलसीवर (पातळ थरावर मिश्रणातील घटक वेगळे करून पाहण्याची चाचणी) एकच ठिपका आला म्हणून पदार्थ शुद्ध समजू नये. सॉल्व्हंट बदलून पुन्हा पाहावे आणि एनएमआरमधील (रेणूची रचना दाखवणारी चुंबकीय चाचणी) प्रत्येक सिग्नलचा हिशेब लावावा. क्लोरोफॉर्ममध्ये घेतलेल्या एनएमआरमध्ये १.२६, २.०५ आणि ४.१२ पीपीएमला (एनएमआरच्या मोजपट्टीवरील एकक) दिसणारे सिग्नल बहुधा शुद्धीकरणाच्या कॉलममधून उरलेल्या इथाइल अॅसिटेट या सॉल्व्हंटचे असतात.

त्याहून मोलाची सवय म्हणजे प्रत्येक बदलामागचे कारण विचारणे. त्यासाठी जठरातील आम्ल कमी करणाऱ्या सिमेटिडीन या औषधाचा अभ्यास मला सर्वांत उपयुक्त वाटतो. औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या गटाने आधी बनवलेले ब्युरिमामाइड तोंडावाटे घेतल्यावर पुरेसे प्रभावी ठरत नव्हते. मेटियामाइडने ती अडचण दूर केली, पण काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि संशय रेणूतील गंधक असलेल्या थायोयुरिया गटावर आला. त्याजागी सायनोग्वानिडीन गट बसवून सिमेटिडीन तयार झाले आणि १९७६ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आले. हे तिन्ही रेणू वहीत शेजारी शेजारी काढावेत आणि प्रत्येक बदलाखाली त्याचे कारण व परिणाम एका ओळीत लिहावा. असे आणखी दोन-तीन औषधांबाबत केले, की लिपिन्स्की यांनी १९९७ मध्ये मांडलेले निकष (रेणूभार ५०० पर्यंत, लॉग पी, म्हणजे रेणूचा पाण्यापेक्षा तेलाकडे असलेला ओढा, ५ पर्यंत इत्यादी) पाठ करावे लागत नाहीत. ते कशासाठी आहेत हे आपोआप कळते. मात्र ते तोंडावाटे घ्यायच्या औषधांसाठीचे ठोकताळे आहेत, कायदा नव्हे.

पुढचे दोन मार्ग आहेत. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती) मिळवून पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा किंवा लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था अशा ठिकाणी पीएच.डी. करता येते, अथवा एम.एस्सी.नंतर थेट हैदराबाद, बंगळूर किंवा पुणे येथील कंत्राटी संशोधन कंपन्यांत जाता येते. दुसऱ्या मार्गात पगार लवकर सुरू होतो, परंतु आखणीचे निर्णय बहुधा पीएच.डी. झालेल्यांकडे राहतात, म्हणून तेथे आपण बनवलेल्या रेणूच्या चाचणीचा निकाल आवर्जून मागून घ्यावा. मुलाखतीला जाताना स्वतःच्या प्रबंधातील एक संयुग निवडून ते का बनवले, कोठे अडले आणि आता त्यात कोणता गट बदलाल, हे फळ्यावर आकृती काढून सांगता येईल इतकी तयारी ठेवावी.