लग्नसराई संपली, आता ट्रम्पेट आतून धुवा

पितळी वाद्य बाहेरून काळं पडलं तर फक्त दिसायला वाईट. खराब ते आतून होतं. फुंकरीसोबत गेलेली थुंकी, चहाची साखर, खर्ऱ्यातला चुना आणि सुपारीचा भुगा माउथपीसच्या लगेच पुढच्या नळीत थर धरतात. मग सूर जड निघतो आणि पितळ आतून कुजायला लागतं. त्यामुळे चमकवण्याआधी धुणं. इथे ट्रम्पेट धरून सांगितलं आहे. कॉर्नेट आणि युफोनियमलाही हेच लागू.

चटईवर जुनं धोतर अंथरा. आधी मोठी ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी काढा, मग तीन छोट्या. पहिली आणि तिसरी ओढताना तिचं बटण दाबून ठेवा, नाहीतर आत हवा शिरायला वाट न मिळून पोकळी होते आणि स्लाइड अडते. वरची झाकणं उघडून बटणांखालचे पिस्टन सरळ वर उचला. त्यांच्यावर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. त्याच क्रमाने बाजूला मांडा. हे पिस्टन टपात टाकायचे नाहीत. त्यांची फेल्ट, म्हणजे नमद्याच्या चकत्या भिजल्या की चपटी होतात आणि बटणाची उंची बदलते. खालची झाकणंही उघडा, तिथे हिरवट चिखल साचलेला असतो.

टपात १५ लिटर कोमट पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे. कोमट म्हणजे हात आरामात ठेवता येईल इतकंच. कढत पाण्याने वरचं लॅकर, म्हणजे पितळावरचा पारदर्शक थर, पापुद्र्यासारखं सुटतं. अर्धा तास भिजू द्या, मग स्प्रिंगच्या दांडीचा लवचिक ब्रश प्रत्येक नळीतून फिरवा. वाद्यांच्या दुकानात तो मिळतो. पऱ्हाटीची काडी, सायकलची तार, चिंधी बांधलेली सुतळी यातलं काहीही आत घालू नका. वळणावर चिंधी अडकली की नळीची झाळ सोडवून काढावी लागते.

पाणी कोणतं, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने शेवटचं खळबळणं टाळा. ते वाळल्यावर मीठ आत राहतं आणि त्यातलं क्लोराइड पितळातलं जस्त खाऊन टाकतं. उरतं ते भुसभुशीत तांबं. पुढच्या नळीवर गुलाबी ठिपका आणि त्याच्या मध्यभागी काळा बिंदू दिसला तर हाच रोग. तो पॉलिशने जात नाही, नळीच बदलावी लागते. पहिल्या दोन-तीन सरी जाऊ दिल्यावर धरलेलं पागोळीचं पाणी शेवटच्या धुण्याला उत्तम. लग्नसराईनंतर पावसाळा लागतोच.

वाद्य उलटसुलट करून निथळवा आणि सावलीत वाळू द्या. पिस्टनचा धातूचा भाग मऊ सुती कपड्याने पुसा. कापसाचा बोळा नको. पिस्टन आणि त्याच्या घरामधली फट केसापेक्षा बारीक असते. एक तंतू राहिला तरी बटण अडकतं. पॉलिश पेपर तर लावूच नका. एकदा फट वाढली की हवा गळते, आणि घरी त्याला इलाज नाही.

स्लाइडच्या नळ्यांना पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात द्या. जाड थर दिला तर मे महिन्याच्या उन्हात वितळून पिस्टनमध्ये उतरतो. पिस्टनला व्हॉल्व ऑइलचे, म्हणजे पिस्टनसाठीच्या पातळ तेलाचे तीन-चार थेंब. खोबरेल तेल थंडीत थिजतं, खायची इतर तेलं चिकट होतात. शिलाई मशीनचं तेल अडीनडीला चालतं, पण बटण सुस्त होतं. नंतर पुसून काढा. पिस्टन आत सोडून हळू फिरवा, ‘टक’ आवाज झाला की बसला. सगळं जोडून फुंकल्यावर हवाच जात नसेल तर पिस्टनची अदलाबदल झाली आहे किंवा एखादा फिरला आहे.

जाम झालेल्या स्लाइडच्या सांध्यावर मातीच्या तेलाचे चार थेंब सोडून रात्रभर ठेवा, चुलीपासून लांब. सकाळी वळणातून कपड्याची पट्टी ओवून सरळ रेषेत झटका द्या. पक्कड लावून पिळू नका. अडकलेला माउथपीसही पिळायचा नसतो. पुढची नळी मुरगळते. दोन झटक्यांत नाही निघाला तर ते काम कारागिराचं.

बाहेरून आधी लॅकर आहे का ते पाहा. असेल तर ओला कपडा, मग कोरडा, बस. चिंच, लिंबू किंवा पितळ घासायची पावडर फक्त उघड्या पितळावर, तीही पिस्टन काढून ठेवल्यावर आणि लगेच धुऊन. चांदीचा मुलामा असेल तर तिथेही नको, घासून घासून मुलामाच निघतो.

ठेवायची जागा विचारपूर्वक निवडा. गोठ्यात किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी वाद्य टांगू नका. गोमूत्रातून आणि ओलसर युरियातून अमोनिया सुटतो, आणि ताण असलेल्या पितळाला त्याने तडे जातात. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली लष्कराची पितळी काडतुसं अशीच फुटायची. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणंही नको, ओल आतच कोंडते. पेटीत ठेवताना माउथपीस काढून वेगळा ठेवा, आणि पोळ्यापर्यंत दर पंधरवड्याला पेटी उघडून तिन्ही बटणं दाबून पाहा. जड वाटली तर दोन थेंब तेल.