बायोलॉजी घेतलंय? कॉलेज सुरू होण्याआधी एवढी केमिस्ट्री पक्की करा

एफवायला मायक्रोबायोलॉजी, झूलॉजी किंवा बायोटेक घेतलं आणि बारावीची केमिस्ट्रीची वही माळ्यावर गेली, अशांसाठी ही तयारी. पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसू नका. धातुशास्त्र, डी-ब्लॉक आणि नेम रिअ‍ॅक्शन्स सध्या खुशाल बाजूला ठेवा.

सुरुवात मोलपासून करा (पदार्थाच्या रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम म्हणजे एक मोल), कारण प्रॅक्टिकलला पहिल्या आठवड्यापासून तोच लागतो. ०.९ टक्के सलाइन म्हणजे लिटरला ९ ग्रॅम सोडियम क्लोराइड. त्याला ५८.४४ ने, म्हणजे त्याच्या रेणुवस्तुमानाने, भागलं की ०.१५४ मोल, म्हणजेच १५४ मिलिमोलर (लिटरला १५४ मिलिमोल). हे गणित उत्तर न बघता जमलं पाहिजे. वजन करण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचायची सवय लावून घ्या. निळ्या मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट) एका रेणूबरोबर पाण्याचे पाच रेणू असतात आणि त्याचं रेणुवस्तुमान २४९.७ भरतं, निर्जल पांढऱ्या भुकटीचं १५९.६. आकडा भुकटीचा धरला आणि निळे खडे तोलले, तर एकतृतीयांशाहून जास्त तांबं कमी पडतं. आणखी एक: एक लिटर द्रावण करायचं म्हणजे लिटरभर पाण्यात पदार्थ टाकायचा नाही. आधी थोड्या पाण्यात विरघळवायचा, मग फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं.

दुसरा मोठा विषय पीएच, आपल्या शाळेतला सामू. हे लॉगचं प्रमाण आहे हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याचा अर्थ आकड्यांत बघा. रक्ताचा सामू साधारण ७.३५ ते ७.४५ असतो. ७.४ ला हायड्रोजन आयन लिटरमागे सुमारे ४० नॅनोमोल असतात, ७.१ ला जवळजवळ ८०. म्हणजे फरक ०.३ चा दिसतो, आणि आयन दुप्पट झालेले असतात! त्याला जोडूनच बफर, म्हणजे सामू फारसा बदलू न देणारं द्रावण, करा: सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार, आणि पीकेएच्या (ज्या सामूला निम्मं आम्ल विघटित असतं तो आकडा) एक अंक वरखालीच तो नीट काम करतो. मग रक्तातल्या बायकार्बोनेटचा पीकेए ६.१ असताना तो ७.४ ला कसा चालतो? फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड सतत बाहेर टाकत असतात म्हणून. व्हायवाला हा प्रश्न आवडीने विचारतात. ट्रिस हा प्रयोगशाळेतला नेहमीचा बफर खोलीच्या तापमानाला ८.० वर आणून फ्रिजमध्ये ठेवलात, तर थंड झाल्यावर तो ८.५ च्या वर गेलेला असतो, हेही माहीत असू द्या.

हायड्रोजन बंध एका बैठकीत होतात. डीएनएतल्या बेसेसच्या ए-टी जोडीत दोन, जी-सीमध्ये तीन. डीएनएची दुहेरी साखळी टिकण्याचं सगळं श्रेय मात्र त्यांना देऊ नका, एकावर एक रचलेल्या बेसेसमधलं आकर्षणही मोठं असतं. क्रियात्मक गट (कार्बॉक्सिल, अमिनो वगैरे) हाताने काढून बघा, आणि अमिनो आम्ल सामू ७ ला दाखवताना कार्बॉक्सिलवर ऋण, अमिनोवर धन प्रभार विसरू नका.

ऊर्जेत एकच गैरसमज आत्ताच काढून टाका: एटीपीतला (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बंध तुटल्यामुळे ऊर्जा मिळत नाही. बंध तोडायला ऊर्जा खर्चच होते. पाण्याबरोबरची पूर्ण अभिक्रिया मिळून, प्रमाण परिस्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल मोकळे होतात. रेडॉक्ससाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीसाठी, पेशीतला एनएडी हा वाहक रेणू दोन इलेक्ट्रॉन घेतो, एवढं पहिल्या सत्राला पुरतं.

सायंटिफिक कॅल्क्युलेटर आत्ताच घ्या आणि लॉगचं बटण कुठलं, एलएनचं कुठलं ते बघून ठेवा. पीएचला लॉग लागतो.