मागे पडवी वाढवताय? आधी दाराची उंची बघा

कुडाळ-सावंतवाडीकडे मी सुतारकाम करतो. घरामागे पडवी वाढवून स्वयंपाकघर नाहीतर न्हाणीघर काढायचं काम इकडे कायम कुठे ना कुठे चालू असतं. चिरे चढतात, वासे बसतात आणि मग चौकट करायला सुताराला बोलावणं येतं. मी टेप लावतो तर खाली पाच-साडेपाच फूट जागा. घरातले म्हणतात, "वाकून जाऊ हो, काय होतंय." रोज वीस वेळा त्या दारातून ये-जा घरातल्या बाईला करायची असते, कधी हातात गरम टोप, कधी कडेवर पोर. म्हणून माझं सांगणं एकच: मागची खोली काढताना आधी दार ठरवा, मग छप्पर.

उंची जाते कुठे, ते हिशेबाने बघू. मंगलोरी कौलाला आपल्या पावसात साधारण 30 अंशांचा उतार लागतो. म्हणजे आडव्या एका फुटाला छप्पर 7 इंच खाली येतं. जुन्या भिंतीवर वासे साडेनऊ फुटांवर टेकवले आणि खोली 8 फूट बाहेर काढली, तर बाहेरच्या भिंतीपाशी छप्पर 56 इंच उतरतं. उरले 4 फूट 10 इंच, आणि तेही वाशाच्या वरच्या अंगापर्यंत. तिथे दार बसणारच नाही, कितीही हुशार मेस्त्री आणा.

हे कागदावर पटत नाही, म्हणून जागेवर करून बघा. जुन्या भिंतीत वासे टेकणार तिथे खिळा मारा. बाहेरची भिंत येणार तिथे बांबू रोवा. दोन्हीकडची पातळी पाण्याच्या नळीने जुळवून घ्या आणि फुटाला 7 इंच उतार धरून सुतळी ताणा. आता 7 फुटांची एक रीप कापा, ती उभी धरून सुतळीखालून चाला. रीप सुतळीला जिथे अडते तिथून पुढे दाराला जागा नाही. घरातल्या सगळ्यात उंच माणसालाही चालायला सांगा. एवढं केलं की पुढची अर्धी भांडणं मिटतात.

माप घेताना जमीन तयार झाली आहे असं धरूनच घ्या. कोबा आणि फरशी मिळून दोन-अडीच इंच सहज खातात. वर वाशाची जाडी 4 इंच, चौकटीची वरची आडवी पट्टी अडीच इंच, आणि लिंटल (दारावरची काँक्रीटची आडवी तुळई) ओतणार असाल तर ते वेगळं. राष्ट्रीय बांधकाम संहिता बाहेर पडायच्या दाराची उंची किमान 2000 मिलिमीटर सांगते, म्हणजे साधारण 6 फूट 7 इंच. ही उंची चौकटीच्या आतून मोकळी मिळाली पाहिजे.

जागा कमी पडते असं दिसलं, तर माझा पहिला सल्ला दार बाजूच्या भिंतीत घेण्याचा. वळचणीकडे छप्पर सगळ्यात खाली असतं, जुन्या भिंतीजवळ सगळ्यात वर. वरच्याच हिशेबात दाराची लांबची कड जुन्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर ठेवली तर तिथे छप्पर साधारण साडेसात फुटांवर येतं. वासा, चौकट, फरशी वजा जाता साडेसहा फुटांच्या वर मोकळी जागा राहते. नव्या खोलीची जमीन 6 इंचांची एक पायरी खाली घेतली तर सात फुटांचं दार बसतं. वासे जुन्या भिंतीवरून बाहेरच्या भिंतीकडे जातात, म्हणून बाजूच्या भिंतीवर छपराचं ओझं फारसं येत नाही. चौकटीवरच्या तिरक्या जागेत चिरा चढवू नका, लाकडी जाळी बसवा. लिंटल वाचतं, चुलीचा धूर जातो, उजेड येतो. दाराच्या डोक्यावर पावसाला आडोसा म्हणून पत्र्याचा छोटा छज्जा मात्र हवा.

बाजूला शेजाऱ्याची हद्द असेल तर दार बाहेरच्याच भिंतीत घ्यावं लागतं. मग कौल सोडून पत्रा घाला. पत्र्याला 10 अंश उतार चालतो, फुटाला 2 इंचांहून जरासा जास्त. आठ फुटांत छप्पर सतराच इंच उतरतं आणि दार आरामात बसतं. कौलंच हवीत असा हट्ट असेल तर खाली पत्रा आणि वर कौल करा, पण वासे त्या वजनाचे घ्या. नुसती कौलं कमी उतारावर कधीही घालू नका. आषाढातला वारा पाणी उलटं कौलाखाली ढकलतो, मग वासे कुजतात.

जमीन खाली घेताना अंगणाकडे बघा. खोलीची जमीन अंगणापेक्षा फूटभर तरी वर राहिली पाहिजे, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत. आणि पायरी दाराच्या चौकटीखाली आणू नका. माणूस पायरीकडे बघतो तेव्हा डोकं वर आपटतं. दारातून आत आल्यावर तीनेक फूट सपाट जागा ठेवा, मग पायरी घ्या.

जुन्या घरातून नव्या खोलीत जायचं दारही बरेचदा ठेंगणं असतं, शिवाय खाली उंच उंबरठा. उंबरठा कापून टाकू नका, चौकट त्याच्यातच गुंतलेली असते, ती सैल होते. अख्खी चौकट काढून तीन बाजूंची नवी बसवा, होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) घालून. खाली ग्रॅनाईटची पट्टी पुरते. वरून उंची वाढवायची तर आधी दारावर तुळई किंवा वासा टेकला आहे का ते इंजिनीअरला दाखवा. टेकला असेल तर दोन्ही बाजूंनी टेकू दिल्याशिवाय एकही चिरा हलवायचा नाही. मातीत बांधलेल्या भिंतीला तर फारच जपा, आणि हे काम पावसाळ्यात काढू नका.

शेवटी बिजागऱ्या. वळचणीकडचं दार बाहेर उघडणारं केलं तर दाराचं वरचं टोक उतरत्या वाशांना अडतं, दार अर्ध्यातच थांबतं. ते आतच उघडू द्या. आत फ्रीज किंवा ओटा कुठे येणार ते सुताराला आधीच सांगा, म्हणजे बिजागऱ्या कुठल्या अंगाला लावायच्या ते त्याला कळेल.