सामुराई रोबोट किट: जोडणी पावसाळ्यात, रंग दिवाळीनंतर

ठाण्यात बसून सामुराई थाटाच्या रोबोटचं मोठं प्लॅस्टिक मॉडेल किट करायचं तर आधी कॅलेंडर बघा. जोडणी आणि घासकाम पावसाळ्यात उरकावं, फवारणी दिवाळीनंतर. दमट हवेत लॅकर (झटपट उडणाऱ्या सॉल्व्हंटमधला) रंग मारला की सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि चकचकीत काळ्यावर पांढुरकी झाक येते. घोडबंदर रोडच्या विसाव्या मजल्यावरही जुलैची हवा तीच!

जपानी कंपनी बंदाईचं १/१०० मापाचं, ‘मास्टर ग्रेड’ मालिकेतलं ‘मुशा गंडम’ हे सामुराई रोबोटचं किट घेतलंत असं धरू. आत सांगाडा, वर चिलखत. भाग रनरला, म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीला, जोडलेले येतात; निपरने (बारीक कापण्याच्या पकडीने) पहिला काप भागापासून दोनेक मिलिमीटर लांब, दुसरा जवळ. उरलेला खुंट ४००, ६००, ८०० असे चढते पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा. तलवारीच्या पात्यावर साच्याची रेघ दिसली तर ब्लेडच्या पाठीने हलकेच खरवडा.

मग रंगाविना सगळं एकदा जोडून बघा. ज्या खुंट्या पुन्हा उघडायच्या त्यांची टोकं तिरकी कापली की भाग सहज सुटतात. सांध्यात एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग झाकून ठेवा किंवा किंचित घासून घ्या, नाहीतर रंगाच्या थराने सांधा आवळतो आणि पहिल्याच पवित्र्यात रंग खरवडतो. सुटे भाग भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवा, प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) मारा.

आता खरी मजा. जपानी चिलखताच्या पत्र्यांवर गंजू नये म्हणून लाखेचा थर देत. ई नाओमासा या जपानी सरदाराची फौज तर लाल चिलखतांसाठीच ओळखली जाई. ती लाली हवी असेल तर थेट लाल रंग मारू नका. आधी चकचकीत काळा, तो पुरता वाळल्यावर चंदेरी, त्यावर पारदर्शक लाल, तोही पातळ तीन-चार हातांत. खाली चंदेरी असल्यामुळे उजेड आतून परततो आणि लाल खोल दिसतो. सोनेरी फक्त शिरस्त्राणाच्या शिंगांना आणि काठांना. सगळीकडे सोनं ओतलं की सामुराई राहत नाही, वरातीचा घोडा होतो.

फवारणी गॅलरीत करत असाल तर शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे आधी बघा. बंद खोलीत एसी लावून मुळीच नको. गॅस आणि देवासमोरचं निरंजन विझलेलं असू द्या; या वाफा पेट घेतात. कापडी मास्क वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेलाच घ्या. ओले भाग झाकणाच्या डब्यात ठेवले की धूळ बसत नाही.

चिलखतावरच्या कोरीव रेघांमध्ये काळं इनॅमल भरण्याआधी चकचकीत क्लिअरचा (बिनरंगी पारदर्शक थराचा) हात द्या. उघड्या एबीएस प्लॅस्टिकवर इनॅमल थिनर झिरपला की भाग तडकतात. कुठला भाग कुठल्या प्लॅस्टिकचा, ते रनरच्या पट्टीवर छापलेलं असतं. डेकलही (चिकटवायची चित्रं-खुणा) याच क्लिअर थरावर.

शेवटी सगळ्यावर मॅट टॉपकोट (बिनचमकेचा वरचा थर) मारायची पद्धत आहे. मला ती इथे पटत नाही. मॅट फक्त सांगाड्याला आणि चिलखताच्या दोऱ्यांना. लाख चमकायलाच हवी. तलवारीच्या पात्याला क्रोम रंग दिला असेल तर त्यावर क्लिअर नको, बहुतेक क्रोम त्याने मंदावतात. पातं सर्वांत शेवटी बसवा, तेही मुठीला धरून, कारण क्रोमवर बोटांचे ठसे लगेच उठतात.